टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडलं तर? छोट्या विमानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका इंजिनाच्या छोट्या विमानांवर उडायला शिकवतो. शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईवडील, कधी हौसेने मागच्या सीटवर बसलेले पाहुणे, सगळे फिरून फिरून एकाच प्रश्नावर येतात: वर गेल्या गेल्या इंजिन बंद पडलं तर? जून २०२५ मध्ये अहमदाबादला बोइंग कोसळलं, तेव्हापासून तो जास्तच काळजीने विचारला जातो. मोठ्या जेट विमानाचं गणित निराळं असतं. इथे मी फक्त सेसना १५२ किंवा १७२ सारख्या दोन-चार आसनी विमानांबद्दल लिहितोय. आकडे दिलेत ते अंदाज यावा म्हणून. प्रत्यक्ष उडवताना तुमच्या विमानाच्या हँडबुकात असेल तोच आकडा धरायचा.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं का?

नाही. विमानाला पंख तोलून धरतात, इंजिन फक्त पुढे ओढतं. इंजिन गेल्यावर सेसना १७२ ठरलेल्या वेगाने, म्हणजे साधारण ६८ नॉटने (ताशी सुमारे १२६ किलोमीटर), तरंगत उतरू लागते. एक फूट खाली येताना ती नऊ फूट पुढे जाते. म्हणजे १,००० फुटांवरून वारा नसताना जवळपास पावणेतीन किलोमीटर. उंच असताना इंजिन गेलं तर पायलटकडे विचार करायला, शेत निवडायला, इंजिन पुन्हा चालू करून बघायला मिनिटं असतात.

टेकऑफनंतर ती नसतात. ५०० फुटांवर इंजिन थांबलं तर जमीन गाठेपर्यंत साधारण ४० सेकंद मिळतात, आणि त्यातले पहिले तीन-चार “हे खरंच होतंय का” यातच जातात.

मग या चाळीस सेकंदांत नेमका धोका कशाचा?

स्टॉलचा. चढताना विमानाचं नाक वर असतं, वेग ७५ नॉटच्या आसपास असतो आणि ही सगळी चढाई इंजिनच्या जोरावर चाललेली असते. तो जोर गेला आणि नाक तसंच वर राहिलं, तर वेग काही सेकंदांत ढासळतो. पंखावरून वाहणारी हवा सुटते, पंख भार उचलणं सोडतो आणि विमान एका बाजूला कोलमडतं. हजारो फुटांवर स्टॉलमधून बाहेर काढणं हा पहिल्या काही तासांतला धडा आहे. २०० फुटांवर बाहेर काढायला खाली जागाच नसते.

अडचण हाताची आहे. जमीन जवळ दिसली की माणसाचा हात कंट्रोल मागे ओढतो, म्हणजे नाक आणखी वर. मी वर सुरक्षित उंचीवर न सांगता थ्रॉटल, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, मागे घेतो, तेव्हा पहिल्या वेळी बहुतेक मुलांचा हात एकतर गोठतो नाहीतर मागे येतो. यात त्यांचा दोष नाही. शरीर असंच बनलेलं आहे. म्हणून ही हालचाल शिकवावी लागते, आणि घोटून घ्यावी लागते.

सगळ्यात आधी काय करायचं?

नाक खाली. रेडिओ नाही, चेकलिस्ट नाही, किल्ली फिरवून बघणं नाही. आधी नाक खाली आणि ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत उतरण्याचा, वेग हातात.

त्याच बरोबर पायाकडे लक्ष द्यायचं. पूर्ण ताकदीवर चढताना विमान डावीकडे ओढतं, म्हणून उजवा रडर (शेपटीचा उभा पट्टा फिरवणारं पायाचं पेडल) दाबलेला असतो. इंजिन गेलं की ती ओढ संपते, पण पाय तिथेच राहतो, आणि विमान तिरकं घसरू लागतं. पाय सैल करून विमान सरळ करा.

मग समोरच्या काचेतून जे दिसतंय, डावी-उजवीकडे साधारण तीस अंशांपर्यंत, त्यातली बरी जागा धरायची. वेळ उरला तर मिक्स्चर (इंजिनात जाणारं इंधन कमी-जास्त करणारी मूठ) बंद, इंधनाचा व्हॉल्व बंद, मॅग्नेटो (ठिणगीची वीज देणारं यंत्र) बंद, दरवाज्याची कडी उघडी. सेसनाचे फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली येणाऱ्या पट्ट्या, विजेवर चालतात, म्हणून फ्लॅप हवे तेवढे खाली आल्यावरच विजेचा मास्टर स्विच बंद करायचा. हा क्रम उलटा झाला तर फ्लॅप अर्ध्यात अडकतात. रेडिओवर ‘मेडे’ची, म्हणजे संकटाची, हाक सवड असली तरच. टॉवरवरून तुम्ही दिसत असता, आणि टॉवर काही तुमचं विमान उडवू शकत नाही.

धावपट्टी तर मागेच आहे. वळून परत का यायचं नाही?

माझ्या मते या पानावरचा हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, कारण याच मोहाने जीव गेलेत.

मागे फिरायला १८० अंश पुरतील असं वाटतं. पण तेवढं वळल्यावर तुम्ही धावपट्टीच्या समांतर असता, बाजूला सरकलेले. रेषेत यायला आणखी वळावं लागतं आणि मग उलटं वळून सरळ व्हावं लागतं. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, आपल्या हँडबुकात यावर एक हिशोब मांडलाय. ३०० फुटांवर इंजिन गेलं. भानावर यायला ४ सेकंद. सेकंदाला ३ अंशांच्या सावकाश वळणाने २२५ अंश फिरायला ७५ सेकंद. एकूण ७९ सेकंद. मिनिटाला हजार फूट खाली येत असाल तर तोवर १,३१६ फूट खर्च होतात. गाठीला होते ३००.

मग मुलं म्हणतात, “सर, जोरात वळू.” ठीक, ४५ अंश तिरकं करून वळू. वळण पंधराएक सेकंदांत होतं, हे खरं. पण तेवढ्या झुकावात पंखांवर १.४ पट भार येतो आणि स्टॉलचा वेग १९ टक्के वाढतो. सरळ उडताना ५३ नॉटला होणारा स्टॉल आता ६३ ला होतो. ग्लाइडचा वेग ६८-७०. हातात पाच-सात नॉट उरले, आणि जमीन अंगावर येतेय, आणि वळण पुरेसं होत नाहीये असं वाटतंय. अशा वेळी पायलट नकळत कंट्रोल मागे ओढतो आणि रडरने नाक आत ढकलतो. आतला पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. शेतात सरळ उतरून चाकं मोडली असती, नाक घासलं असतं, आणि माणसं चालत बाहेर आली असती. गिरकीतून तशी बाहेर येत नाहीत.

वाऱ्याचं तर कोणी मोजतच नाही. टेकऑफ वाऱ्यासमोर करतात, म्हणजे परत येताना तोच वारा पाठीमागून. दहा नॉटचा वारा धरा. ५५ नॉटने टेकणारं विमान वाऱ्यासमोर जमिनीच्या हिशोबाने ४५ नॉटने टेकतं, पाठवाऱ्यात ६५ ने. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे दुपटीहून जास्त. शिवाय पाठवाऱ्यात जमीन भरभर मागे पळताना दिसते, वेग भरपूर आहे असा भास होतो, आणि हात पुन्हा मागे येतो.

म्हणजे कधीच वळायचं नाही?

असं मी सांगणार नाही. पुरेशी उंची असेल, हात बसलेला असेल, धावपट्टी लांब असेल तर परत येता येतं. २०१८ पासून एफएएनेही इन्स्ट्रक्टरांना सुचवलंय की हे वळण कधी जमतं आणि कधी जमत नाही हे विद्यार्थ्यांना शिकवावं. माझ्या मते ते योग्य आहे. नुसतं “वळू नका” सांगितलेला पायलट घाबरला की वळतोच, आणि तेही न शिकता वळतो.

तुमचा आकडा तुम्हीच काढायचा. सुरक्षित उंचीवर, इन्स्ट्रक्टर सोबत असताना, चढाईच्या स्थितीतून थ्रॉटल मागे घ्या, चार सेकंद गप्प बसा, मग वळा. सरळ होईपर्यंत किती फूट गेले ते लिहा. त्यात निदान निम्म्याची भर घाला. त्या उंचीखाली वळण्याचा विचारही नाही.

पण नुसती उंची पुरत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार महत्त्वाचं आहे. पुणे-बारामतीचा पट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की तिथली हवा साडेपाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. समजा चढण्याचा वेग मिनिटाला ४५० फुटांवर आला. मग एक फूट वर जायला विमान सतरा-अठरा फूट पुढे जातं. उतरताना मात्र एका फुटाला नऊच फूट मिळतात. म्हणजे नाकासमोर सरळ चढत राहिलात तर जितके उंच जाल तितकी धावपट्टी हाताबाहेर जाते. वारा जोराचा समोरून असेल तर थोडी मदत होते, नाहीतर अशा दिवशी हजार फुटांवरूनही सरळ मागे येता येत नाही. सर्किटमध्ये, म्हणजे विमानतळाभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, राहून, नियमात बसेल तितक्या लवकर पहिलं वळण घेतलं तर हिशोब बराच सुधारतो.

एखादं खरं उदाहरण?

हॅरिसन फोर्ड हा हॉलिवूडचा नट पायलटही आहे. ५ मार्च २०१५ ला कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या विमानतळावरून त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रायन पीटी-२२ हे उघड्या कॉकपिटचं विमान उडवलं. थोडं वर गेल्यावर इंजिनची ताकद गेली. त्याने टॉवरला परत येतोय असं कळवलं आणि वळला. पोचणार नाही हे लक्षात आल्यावर त्याने धावपट्टीचा नाद सोडला आणि जवळच्या पेनमार गोल्फ कोर्सची मोकळी जागा धरली. एका झाडाच्या शेंड्याला घासून विमान तिथे आदळलं. वय ७२, हाडं मोडली, पण वाचला आणि पुन्हा उडू लागला.

चौकशीत निघालं ते असं: कार्ब्युरेटरमधला (इंधन आणि हवा मिसळणारा भाग) मुख्य जेट, म्हणजे इंधनाचं बारीक तोंड, पिळा सुटून ढिला झाला होता. त्यामुळे पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त जाऊ लागलं आणि इंजिन गुदमरलं. खांद्याच्या पट्ट्याची बसवणीही नीट नव्हती, त्यामुळे इजा वाढली.

मी हे उदाहरण वर्गात सांगतो ते त्याच्या शेवटच्या निर्णयासाठी. धावपट्टी जमणार नाही हे कबूल करून तो विमान ताब्यात ठेवून उतरला.

समोर धड जागाच नसेल तर? आमच्याकडे तर ऊसच ऊस.

विमान वाचवायचं नाही, माणसं वाचवायची आहेत. विमान त्या क्षणापासून विमा कंपनीचं, असं मी मुलांना सांगतो.

एफएएच्या हँडबुकातलाच आणखी एक हिशोब: ताशी ८० किलोमीटरचा वेग ९ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट, इतक्या झटक्याने शून्यावर आणायला तीन मीटरसुद्धा लागत नाहीत. छोट्या विमानाची केबिन साधारण तेवढा समोरचा झटका सोसेल अशीच बनवतात. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट लागतं. म्हणून कमीत कमी वेगाने, पंख समतल ठेवून टेका. पंख झाडांना लागून मोडले तर मोडू द्या, केबिन वाचली पाहिजे.

नुकतंच कापलेलं शेत मिळालं तर उत्तम. नांगरलेल्या शेतात सरींच्या दिशेने उतरा, आडवं नको. आडवं गेलं की पुढचं चाक रुततं आणि विमान पालथं होतं. उभा ऊस वरून मऊ दिसतो, पण तो माणसाहून उंच असतो आणि त्याच्या शेंड्यांना विमान घासलं की खाली आपटतं. तरी विहीर, बांध आणि विजेच्या तारा यांच्यापेक्षा ऊस परवडला. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरा. रस्ता मोहात पाडतो, पण त्यावर तारा, दुभाजक आणि दुसऱ्यांची माणसं असतात. पावसाळ्यातली काळी माती चाक धरते. टेकल्यावर नाक शक्य तितकं वर उचलून ठेवा.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं एक शिकाऊ सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात उतरलं. एकटी विद्यार्थिनी होती. विमान मोडलं, तिला दुखापत झाली, पण ती वाचली. गावकरी मदतीला धावले. ते काही टेकऑफनंतरच्या पहिल्या मिनिटातलं नव्हतं, पण शेतात उतरूनही जगता येतं हे आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे.

समोर समुद्र असेल तर?

जुहूहून पश्चिमेला टेकऑफ केला तर हेच. लाटांना समांतर, कमीत कमी वेगाने टेका. चाकं बाहेर असलेलं विमान पाण्यात नाकावर जाऊन उलटू शकतं, म्हणून दरवाजा आधीच उघडा. लाइफ जॅकेट बाहेर पडल्यावरच फुगवायचं. आत फुगवलं तर तेच तुम्हाला छताशी अडकवतं.

इंजिन पूर्ण बंद न पडता नुसतं मंदावलं तर बरं ना?

उलट तेच जास्त फसवं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २००० ते २०१० मधल्या एक इंजिनाच्या विमानांच्या घटना तपासल्या. टेकऑफनंतर ताकद अर्धवट गेल्याच्या २४२ घटना होत्या आणि त्यातल्या ९ मध्ये माणसं दगावली. इंजिन पूर्ण बंद पडल्याच्या ७५ होत्या. त्यांत एकही जीव गेला नाही.

हा आकडा मला पहिल्यांदा वाचला तेव्हा हलवून गेला. इंजिन पूर्ण गेलं की प्रश्नच मिटतो, पायलट नाक खाली करून उतरतो. अर्धवट राहिलं की आशा राहते. “धावपट्टीपर्यंत ओढेल” म्हणत तो वळतो, उंची राखायला नाक वर धरतो, आणि वेग संपतो. मुलांना मी सांगतो: उंची टिकत नसेल तर ते इंजिन नाहीच असं समजा. चांगल्या जागेवर असताना, ते चालू असतानाच, उतरण्याचा निर्णय घ्या.

इंजिन बंद पडतंच का?

बऱ्याचदा इंजिन धड असतं आणि इंधन पोचत नसतं. टाकी रिकामी, व्हॉल्व चुकीच्या टाकीवर किंवा बंद, इंधनात पाणी. अर्धी भरलेली टाकी रात्रभर ठेवली की आतल्या हवेतली वाफ थेंब होऊन तळाला बसते. पावसाळ्यात झाकणाच्या रबरातूनही पाणी शिरतं. म्हणून सकाळी प्रत्येक ड्रेनमधून, म्हणजे तळाच्या तोटीतून, थोडं इंधन काढून बघायचं. नव्या १७२ मध्ये असे १३ ड्रेन आहेत, आणि तेराही बघायचे. विमानाचं १००एलएल पेट्रोल निळसर असतं. पाणी तळाला गोळा होऊन दिसतं. नमुन्यात काहीच रंग नसेल तर खुश होऊ नका, ते सगळंच पाणी असू शकतं.

१५२ सारख्या कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात बर्फही धरतो, तोही आपल्याकडच्या दमट हवेत, वीस-पंचवीस अंशांना. आत इंधनाची वाफ होते, हवा पसरते, आणि तापमान झपाट्याने गोठणबिंदूखाली जातं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेताना, रांगेत थांबताना इंजिन मंद असतं तेव्हा तो साचतो. टेकऑफआधी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) ओढून बघा. पुढे मॅग्नेटोची तपासणी: १७२ एस मध्ये १,८०० आरपीएमवर एकेक बंद केल्यावर घट १५० पेक्षा जास्त नको, दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. घट अजिबात आली नाही तरी संशय घ्या.

दोन इंजिनांचं विमान घेतलं तर काळजी मिटते?

छोट्या विमानात नाही. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जाते. शिवाय चालू इंजिन विमानाला एका बाजूला फिरवत असतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर विमान उलटतं. दोन इंजिनांवर सराव जास्त लागतो.

विमानाला पॅराशूट असतं म्हणे?

सिरस कंपनीच्या विमानांना असतं, संपूर्ण विमानासाठी एक. त्यालाही उघडायला उंची लागते. नव्या मॉडेलना जमिनीपासून निदान ६०० फूट. त्याखाली पुन्हा नाक खाली आणि समोरची जागा.

जमिनीवर असताना काय करता येतं?

खरं तर सगळं इथेच होतं. चाळीस सेकंदांत माणूस नवा विचार करू शकत नाही, फक्त आधी ठरवलेलं करू शकतो. म्हणून धावपट्टीवर शिरण्याआधी मोठ्याने बोलायचं, एकटे असलात तरी. माझी मुलं साधारण असं बोलतात:

“धावपट्टीवर काही बिघडलं तर थ्रॉटल बंद, ब्रेक, सरळ थांबणार. हवेत असताना समोर धावपट्टी उरली असेल तर तिच्यावरच उतरणार. ७०० फुटांखाली इंजिन गेलं तर नाक खाली, वळणार नाही. आज वारा डावीकडून आहे म्हणून डावीकडचं माळरान. ७०० च्या वर डावीकडे वळायचा विचार.”

हा ७०० आकडा त्यांच्या विमानाचा, त्यांच्या सरावातून आलेला. तुम्ही तो उचलू नका. आणि “माळरान” म्हणजे कुठलं ते आधी जमिनीवरून जाऊन, नकाशावर बघून ठेवलेलं हवं. टॅक्सी वाचवायला धावपट्टीच्या मधूनच टेकऑफ करू नका. मागे सोडलेली तीच पाचशे मीटर तुम्हाला नंतर हवी असतील. अर्धी धावपट्टी संपेपर्यंत टेकऑफच्या वेगाचा ७० टक्के वेग आला नाही तर थांबा.

शिकवताना खरंच इंजिन बंद करता का?

टेकऑफनंतर नाही. थ्रॉटल मागे घेतो, इंजिन मंद फिरत राहतं, आणि ठरलेल्या उंचीवर पुन्हा ताकद देऊन वर जातो. यात एक उणीव आहे: मंद फिरणारं इंजिन आणि खरोखर मेलेलं इंजिन यांत फरक असतो. मेलेल्या इंजिनचा वाऱ्याने फिरणारा पुढचा पंखा जास्त अडवतो, विमान सरावापेक्षा लवकर खाली येतं. मुलांना हे आधीच सांगून ठेवतो.

मुलीला फ्लाइंग शिकायला पाठवतोय. शाळेत काय विचारू?

डीजीसीएची, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता आहे का हे बघालच. त्यापुढे विचारा: हा सराव सोलोआधी, म्हणजे एकटीने उडण्याआधी, किती वेळा होतो? नंतर दर महिन्याला होतो का? विद्यार्थ्याला इंजिनचा आवाज पटला नाही आणि त्याने उड्डाण रद्द केलं तर त्याला बोलणी बसतात का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर चाचरत आलं तर दुसरी शाळा बघा. आणि मुलगी सुट्टीला घरी आली की जेवताना सहज विचारा, “तीनशे फुटांवर इंजिन गेलं तर काय करशील?” ती विचार करत बसली तर तिच्या इन्स्ट्रक्टरला फोन करा.

मी नुसता प्रवासी आहे. मी काय करू?

पट्टा कमरेला आणि खांद्याला, दोन्ही, घट्ट. दरवाजा कसा उघडतो ते निघण्याआधी स्वतः एकदा उघडून बघा. चष्मा, पेन, मोबाइल खिशातून काढून ठेवा. पायलट गप्प झाला तर त्याच्याशी बोलू नका. त्याने सांगितलं की दरवाज्याची कडी उघडा, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत पट्टा सोडू नका. मग मागच्या दिशेने बाहेर पडा, पंख्यापासून दूर.